पाठमोरी खुर्ची

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या एका जुन्या बाजारात ती खुर्ची मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. दोन टेबले, काही दिवे आणि बश्यांचे ढीग यांच्या गर्दीत विक्रेत्याने तिला जागा मिळेल तशी उभी केली होती. समोरून पाहिली असती, तर मी बहुधा पुढे निघून गेले असते, कारण तिची विणलेली बैठक मधोमध फाटली होती आणि तुटलेल्या दोऱ्या झिजलेल्या केरसुणीसारख्या खाली लोंबत होत्या. पाठीकडून यातले काहीच दिसत नव्हते. दिसत होती ती अर्धवर्तुळात वाकवलेली ओकच्या लाकडाची एक कमान, तिला मधोमध तोलून धरणारी पातळ, वर दुभंगलेली फळी, आणि खालून वर येता येता बाक घेत त्या कमानीला जाऊन मिळणारे दोन मागचे पाय. डॅनिश माणसे या फळीच्या आकारावरून तिला वाय-खुर्ची म्हणतात आणि इंग्रजी बोलणारी माणसे कोंबडीच्या छातीतल्या दुबोटी हाडावरून विशबोन म्हणतात. मला मात्र त्या क्षणी आठवले ते पेरूच्या फांदीतून मुले कापून घेतात ते बेचके.

ही खुर्ची डॅनिश फर्निचर-रेखाटनकार हान्स वेग्नर यांनी १९४९ साली रेखाटली आणि १९५० साली ती बनू लागली. ज्या कारखान्यासाठी ती रेखाटली गेली, तो कार्ल हान्सन अँड सन हा कारखाना १९०८ साली याच ओडेन्स शहरात एका सुतारकामाच्या छोट्या कार्यशाळेच्या रूपाने सुरू झाला होता. आता तो फ्यून बेटावरच गेलस्टेड येथे आहे आणि खुर्ची अजूनही बनते आहे. तिचा कारखान्यातला क्रमांक सीएच २४ असा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यातील ज्या चार-दोन खुर्च्या जगभर ओळखल्या जातात, त्यांपैकी ही एक आहे, हे मला पुस्तकांतून माहीत होते. मोडकी का होईना, ती आपल्या घरी आणता येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. मी ती विकत घेतली, बसच्या मागच्या भागात उभी करून घरी आणली, आणि जेवणाच्या टेबलाशी ठेवताना पुन्हा एकदा तिची पाठच माझ्या समोर आली. तेव्हापासून खुर्चीच्या पाठीविषयी मी जितका विचार केला आहे, तितका तिच्या बैठकीविषयी केलेला नाही.

याचे कारण आमच्या जुन्या घरात आहे. कोकणातल्या आमच्या घरी खुर्च्या होत्या, पण त्या बसण्यासाठी जितक्या होत्या, तितक्याच पाहुण्यांना बसवण्यासाठी होत्या. ओटीवर भिंतीला टेकवून त्या ओळीने मांडलेल्या असत. घरातली माणसे झोपाळ्यावर, पाटावर, उंबऱ्याच्या आतल्या पायरीवर किंवा सरळ सारवलेल्या जमिनीवर बसत. बायका खुर्चीवर बसल्याचे मला फारसे आठवत नाही; घरात वडीलधारे असताना आई तर कधीच बसली नाही. त्या खुर्च्यांना समोरची बाजू होती आणि मागे भिंत होती. लग्नकार्यात त्या अंगणात मांडल्या गेल्या, की पहिल्यांदाच त्यांच्या मागच्या बाजू उघड्या पडत: पॉलिश अर्ध्यावर सोडलेल्या फळ्या, खिळ्यांची डोकी आणि भिंतीचा चुना लागून पांढरा झालेला वरचा काठ. त्यात सुताराचा आळस होता, असे मी म्हणणार नाही. ज्या बाजूला भिंत असणार हे ठरलेले आहे, त्या बाजूवर लाकूड आणि दिवस खर्च करण्याचे त्याला कारणच नव्हते.

डेन्मार्कमधल्या घरात खुर्ची भिंतीला टेकत नाही. ती घराच्या मधोमध, टेबलाभोवती उभी असते, आणि टेबलाच्या वर खूप खाली सोडलेला एक दिवा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, आणि घरातली सगळी वर्दळ त्या एका उजेडाच्या वर्तुळात येऊन थांबते. स्वयंपाकघरातून ताट घेऊन येणाऱ्या माणसाला, दारातून आत शिरणाऱ्या पाहुण्याला आणि सोफ्यावर पडलेल्या मुलाला टेबलाभोवतीच्या खुर्च्यांच्या पाठीच दिसतात. खुर्चीची समोरची बाजू तर टेबलाखाली सरकलेली असते आणि कोणी बसले की पूर्णच झाकली जाते. अशा घरात खुर्ची ही पाठमोरी पाहण्याची वस्तू होते. खुर्चीला मागची बाजू असूच नये, ती कोणत्याही बाजूने आणि कोनातून सुंदर दिसली पाहिजे, असे वेग्नर यांचे मत होते. हे मत मी प्रथम वाचले, तेव्हा ते मला एका कारागिराचा आग्रह एवढेच वाटले होते. इथल्या घरांत काही हिवाळे काढल्यानंतर ते मला एका साध्या निरीक्षणासारखे वाटू लागले.

वेग्नर यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी टोंडर येथे झाला. हे गाव आज डेन्मार्कच्या अगदी दक्षिणेला, जर्मन सरहद्दीजवळ आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी ते जर्मनीत होते आणि १९२० साली ते डेन्मार्कमध्ये आले. वडील चांभारकाम करीत. शाळा संपवून हान्स गावातल्या स्टालबर्ग नावाच्या सुताराकडे उमेदवारीला लागले आणि पंधराव्या वर्षी त्यांनी आपली पहिली खुर्ची केली. विसाव्या वर्षी ते कोपनहेगनला आले, पुढे तिथल्या कलाकौशल्याच्या शाळेत १९३६ ते १९३८ अशी दोन वर्षे शिकले, आणि मग आर्ने याकोबसन आणि एरिक म्योलर या वास्तुविशारदांच्या हाताखाली ओरहूसच्या नगरसभागृहाचे फर्निचर त्यांनी केले. स्वतःची कचेरी १९४३ साली थाटली. म्हणजे कागदावर रेघ मारण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हातात रंधा आणि पटाशी आली होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. २००७ साली वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले, तोपर्यंत त्यांनी पाचशेहून अधिक खुर्च्या रेखाटल्या होत्या. एवढ्या खुर्च्या करून झाल्यावरही, चांगली खुर्ची करण्याचे काम कधी पुरे होत नाही, असेच ते म्हणत राहिले.

मी एकदा टोंडरला जाऊन आले. सपाट, ओलसर गवताळ प्रदेश, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडे आणि त्यात उंच उभा असलेला एक जुना पाण्याचा मनोरा. हा मनोरा १९९५ साली संग्रहालयात बदलण्यात आला, आणि वेग्नर यांनी आपल्या गावाला दिलेल्या ३७ खुर्च्या तिथे ठेवलेल्या आहेत. एकेका मजल्यावर थांबत वर चढताना मी जाणूनबुजून प्रत्येक खुर्ची आधी मागून पाहिली. टोंडर पूर्वी हाताने विणलेल्या लेसकरिता प्रसिद्ध होते. लेसमध्ये धाग्याइतकीच रिकामी जागाही रचावी लागते, आणि त्या मनोऱ्यातल्या खुर्च्यांच्या पाठींमध्ये लाकडाच्या मधली पोकळी ज्या नेमकेपणाने आखली आहे, ती पाहताना माझ्या मनात हा धागा जुळला. तो माझा आहे. वेग्नर यांच्या तोंडी मी तो घालणार नाही.

वाय-खुर्चीचे मूळ मात्र चीनमध्ये आहे, आणि ते वेग्नर यांनी कधी लपवले नाही. मिंग राजवटीच्या काळातील चिनी खुर्च्या, ज्यांची पाठ आणि हात मिळून एकच वळलेली कमान होते, त्यांनी पुस्तकांतील चित्रांत पाहिल्या होत्या. त्यावरून त्यांनी १९४४ साली फ्रिट्झ हान्सन या कंपनीसाठी एक खुर्ची केली. ती चायना खुर्ची म्हणूनच ओळखली जाते. त्या खुर्चीत पुढचे पाय बैठकीपाशी थांबत नाहीत. ते तसेच वर जातात आणि कमानीच्या पुढच्या टोकांना आधार देतात, त्यामुळे बसणारा माणूस चार खांबांच्या छोट्या मंडपात बसल्यासारखा दिसतो. तो दिमाखदार असतो, थोडा बांधलेलाही असतो. पुढची पाच वर्षे वेग्नर या एकाच कल्पनेभोवती फिरत राहिले आणि प्रत्येक वेळी तिच्यातून काहीतरी काढून टाकत गेले.

१९४९ साली वाय-खुर्चीत त्यांनी जे काढून टाकले, ते पाहण्यासारखे आहे. पुढचे पाय बैठकीशीच संपवले. मग कमानीचा भार कोण घेणार? तो मागच्या पायांनी घेतला. हे पाय बैठकीच्या वर सरळ न जाता पुढे आणि आत वळतात, कमानीला तिच्या बाजूंच्या मध्यावर धरतात, आणि कमानीची दोन्ही टोके पुढे अधांतरी राहतात. तेच हात टेकण्याचे हात. वाफेवर वाकवलेल्या त्या एका लाकडाला पाठीमागेही आधार हवा होता, म्हणून बेचक्याच्या आकाराची ती फळी आली. ती पातळ पापुद्रे साच्यात दाबून केलेली असते, त्यामुळे माणसाच्या पाठीचा बाक ती सहज घेते. तिचे दुभंगणे शोभेसाठी आहे, असे अनेकांना वाटते. पण कमानीला एका जागी टेकण्याऐवजी दोन जागी टेकल्यामुळे भार विभागला जातो आणि मधली जागा हलकी राहते. मागचे पाय पाहिले, तर तेही वाफेने वाकवले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते सपाट फळीतून कापून काढलेले असतात, आणि किंचित फिरवून बसवल्यामुळे त्यांचा बाक दोन दिशांना गेल्यासारखा भासतो. कारखान्याला परवडेल असे कापणे आणि डोळ्याला हाताने घडवल्यासारखे वाटणे, हे दोन्ही त्या एका पायात साधले आहे. मला तो पाय या खुर्चीतला सर्वांत हुशार भाग वाटतो.

सगळे मिळून लाकडाचे १४ भाग आहेत, आणि त्यांची खुर्ची होईपर्यंत शंभराहून अधिक कामे करावी लागतात.

त्याच वर्षी वेग्नर यांनी आणखी एक खुर्ची केली. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण पाठीचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाचे १९२७ पासून दरवर्षी प्रदर्शन भरत असे. कारखान्यांच्या स्वस्त फर्निचरमुळे धंदा बसत चाललेल्या सुतारांनी तरुण रेखाटनकारांना हाताशी धरून नवे काही करून दाखवावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि १९६६ पर्यंत ते चालले. वेग्नर यांनी योहानेस हान्सन या सुताराबरोबर तिथे वर्षानुवर्षे काम मांडले. १९४९ च्या प्रदर्शनात त्यांनी जी खुर्ची ठेवली, तिला ते स्वतः नुसती गोल खुर्ची म्हणत. चार निमुळते पाय, वेताची बैठक आणि पाठीपासून हातांपर्यंत वळत जाणारी एक जाड, घोटलेली कमान. पुढच्याच वर्षी इंटिरिअर्स या अमेरिकन मासिकाने तिला जगातील सर्वांत सुंदर खुर्ची म्हटले. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली वादसभा दूरचित्रवाणीवर झाली, तेव्हा दोघेही याच खुर्च्यांवर बसले होते. अमेरिकेत लोक तिला नुसती ‘द चेअर’ म्हणू लागले, जणू बाकीच्या खुर्च्यांना नाव हवे आणि हिला नको.

मला या गौरवापेक्षा तिच्या कमानीतला सांधा अधिक ओढून घेतो. वाय-खुर्चीची कमान एकाच वाकवलेल्या लाकडाची आहे. गोल खुर्चीची कमान मात्र लाकडाचे तीन तुकडे जोडून आणि मग कोरून, घोटून केलेली आहे. पाठीचा मधला तुकडा रुंद, आणि त्याला दोन्ही बाजूंनी हातांचे दोन तुकडे जोडलेले. हे जोड कुठे ना कुठे दिसणारच. पहिल्या खुर्चीत वेग्नर यांना ते पसंत पडले नाहीत, म्हणून त्यांनी पाठीच्या भागावर वेताच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि जोड झाकून टाकले. वेत तर बैठकीला होताच, त्यामुळे पाठीवरचा वेतही कोणाला खटकला नसता. तरीही पुढच्या वर्षभरात त्यांनी तो काढून टाकला. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तशा दातेरी रेषेने लाकडाचे तुकडे एकमेकांत बसवले आणि ती नागमोडी रेषा पाठीवर सर्वांना दिसेल अशी उघडी ठेवली. गोंद लावलेल्या अशा जोडात लाकडाला लाकूड भिडण्याची जागा खूप वाढते, म्हणून तो मजबूत असतो. आज ती रेषा हीच त्या खुर्चीची ओळख झाली आहे.

हा बदल कागदावर लहान दिसतो. पण लाज वाटून झाकलेली एक गोष्ट एक वर्ष सोबत बाळगायची, ती रोज पाहायची, आणि मग ती झाकण्याजोगी नाहीच असे ठरवून ती माणसाच्या पाठीला टेकणाऱ्या जागेवर उघडी करायची, यासाठी लागणारा वेळ आणि धीर मला स्वतःच्या कामात क्वचितच मिळाला आहे. दोन खुर्च्यांपैकी श्रेष्ठ कोणती, असे कोणी विचारले, तर मी गोल खुर्चीचे नाव घेईन. माझ्या घरी मात्र वाय-खुर्ची आहे, आणि तिने मला झाकण्याची दुसरी बाजू शिकवली.

तिची बैठक कागदी दोरीची असते. हे ऐकून आईने फोनवर दोनदा विचारले होते, कागदाची म्हणजे कशाची? तपकिरी, मजबूत कागदाच्या पट्ट्यांना पीळ घालून तीन पदर करायचे आणि ते तीन पदर पुन्हा एकमेकांभोवती वळायचे, की ही दोरी होते. पूर्वी इथे समुद्री गवताची दोरी वापरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती मिळेना, तेव्हा कागदाची दोरी पुढे आली आणि ती टिकाऊ ठरल्यामुळे युद्ध संपल्यावरही राहिली. एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. कारखान्यातला सराईत विणकर तासाभरात एक बैठक विणून बाजूला ठेवतो. मला दोन शनिवार आणि दोन रविवार लागले.

शेजारच्या एका आजींनी मला शिकवले. त्यांनी तरुणपणी रात्रीच्या शाळेत खुर्च्या विणण्याचा अभ्यासक्रम केला होता आणि आपल्या घरच्या सहाही खुर्च्या स्वतः विणल्या होत्या. पहिला दिवस जुनी दोरी कापून काढण्यात आणि चौकट साफ करण्यात गेला. लाकूड पांढरट ओकचे होते, म्हणून आजींनी साबणाचे पापुद्रे गरम पाण्यात विरघळवून त्याचा फेस त्यावर चोळायला लावला. इथे हलक्या रंगाच्या लाकडाला वार्निशाऐवजी असा साबणाचा हात देण्याची जुनी पद्धत आहे. लाकूड वाळल्यावर गालावर हात फिरवावा तसे मऊ लागत होते.

मग विणकाम. बैठकीची चौकट पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, त्यामुळे थेट विणायला सुरुवात केली तर दोऱ्या तिरक्या जातात. आधी पुढच्या दोन कोपऱ्यांतच आखूड फेरे घालून ती जास्तीची रुंदी भरून काढायची, आणि उरलेली जागा काटकोनी चौकोनाची झाली की मगच पूर्ण फेरे सुरू करायचे. दोरी पुढच्या दांडीवरून टाकायची, खालून वर आणायची, तिथेच वळवून बाजूच्या दांडीवरून टाकायची, पुन्हा खालून वर काढून समोरच्या बाजूला न्यायची आणि तिथल्या कोपऱ्यात तेच करायचे. असे चारही कोपरे फिरत राहिले, की चार कोपऱ्यांपासून चार तिरक्या रेषा मध्याकडे सरकू लागतात आणि बैठक पाकिटाच्या मागच्या बाजूसारखी दिसू लागते. चौकटीची रुंदी तिच्या पुढून मागच्या लांबीपेक्षा जास्त असल्यामुळे बाजू आधी भरतात; मध्ये उरलेली फट इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून पुढून मागे, मागून पुढे अशी भरावी लागते.

प्रत्येक वळणावर दोरी खेचावी लागते. पहिल्या दिवशी माझ्या तर्जनीची कातडी सोलून निघाली. आजी शेजारी बसून फक्त एवढेच म्हणत, ‘अजून ओढ.’ मी ओढले की त्या बोटाने दोरीवर टिचकी मारत, आणि आवाज पसंत पडला नाही तर तो फेरा उलगडायला लावत. त्या आवाजाने मला आजोबांच्या काथ्याच्या बाजेची आठवण झाली. पावसाळा संपला की बाज सैल पडलेली असे; ती अंगणात आडवी करून पायथ्याकडचा दोर ते एकेक फेरा आवळत नेत आणि मधूनमधून तळव्याने थाप मारून पाहत. कसलेली बाज आणि सैल बाज यांचे आवाज मला लहानपणीच वेगळे ओळखता येत होते. ओडेन्समध्ये, चौथ्या मजल्यावर, ते ओळखणे असे उपयोगी पडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आणि मग गाठी. १२० मीटर दोरी एका वेळी हाताळता येत नाही. दहा-पंधरा मीटरचे तुकडे घेऊन ते जोडत जावे लागते. बैठकीला वरचा आणि खालचा असे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी असते. प्रत्येक गाठ त्या पोकळीतच पडली पाहिजे, वरूनही दिसता कामा नये आणि खालूनही. मी गोल खुर्चीच्या सांध्याची गोष्ट आजींना सांगितली आणि विचारले, मग या गाठी का झाकायच्या? त्यांनी विणकाम थांबवले नाही. ‘कारण त्या टोचतात,’ त्या म्हणाल्या. मला त्या उत्तराचा पुढे बराच उपयोग झाला. सांधा झाकला होता तो पाहणाऱ्याच्या नजरेच्या भीतीने. गाठ झाकायची ती बसणाऱ्याच्या मांडीसाठी. एकाच माणसाने एकाच वर्षी केलेल्या दोन खुर्च्यांमध्ये झाकण्याच्या या दोन तऱ्हा शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतली पहिली त्याने वर्षभरात सोडून दिली.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, तीही इथे लिहिते. नवी वाय-खुर्ची आज इतकी महाग आहे, की टेबलाभोवती सहा घ्यायच्या म्हटल्या तर इथल्या नोकरदार घरालाही दहा वेळा विचार करावा लागतो. वेग्नर यांचे मित्र बोर्गे मोगेन्सन यांनी १९४७ साली सहकारी संस्थेसाठी केलेली साधी, सरळ पाठीची, कागदी दोरीच्या बैठकीची खुर्ची सामान्य माणसासाठीच होती आणि त्या बाबतीत मोगेन्सन यांची भूमिका मला अधिक जवळची वाटते. किमतीमुळेच वाय-खुर्चीच्या नकलाही भरपूर निघतात. एका उपाहारगृहात मी अशाच एका नकलेवर बसले होते. समोरून ती हुबेहूब होती. मागून पाहिले, तेव्हा मागचे पाय सरळ दांड्यांसारखे वर गेलेले होते आणि कमान पाठीमागे मधोमध जोडून तो जोड काळ्या रंगाखाली दडवला होता.

गेल्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. तिला या खुर्चीचे मी फोटो पाठवले होते, पण तिने पहिले चार-पाच दिवस तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ती सोफ्याच्या कडेला टेकायची किंवा खिडकीशी सतरंजी अंथरून खाली बसायची. गुडघे दुखतात, तर वर बस, असे मी म्हणत होते. ‘खुर्चीवर पाय लोंबकळतात गं, बसल्यासारखं वाटत नाही,’ असे ती सांगे. ती उंचीने लहान आहे आणि खुर्चीवर बसणे तिच्या शरीराला कधी लागलेच नाही.

एके दिवशी मी कामावरून परतले, तेव्हा ती टेबलाशी वाय-खुर्चीवर बसली होती. दाराकडे तिची पाठ होती. समोर वर्तमानपत्र पसरून ती मटार सोलत होती, आणि खुर्चीवर तिने चक्क मांडी घातली होती. मी दारातच उभी राहून तो प्रकार नीट पाहिला. बैठक रुंद होती, त्यामुळे दोन्ही पावले आत मावली होती. कमान बुटकी होती, त्यामुळे कोपर वर टेकवून हात मोकळे हलत होते. आणि दोन्ही गुडघे खुर्चीच्या हातांखालून बाहेर आले होते, कारण तिथे पुढच्या पायांचे खांब नव्हते. १९४४ च्या चायना खुर्चीत आईचे गुडघे त्या खांबांना अडले असते. माणसाने खुर्चीत एकाच तऱ्हेने बसून राहू नये, तिने त्याला हलण्याची, वळण्याची मुभा द्यावी, ही वेग्नर यांची धारणा होती. पण त्यांनी काढून टाकलेल्या त्या दोन खांबांच्या जागेतून एका कोकणातल्या बाईचे गुडघे बाहेर येतील, हे त्यांच्या रेखाटनात नव्हते.

मागून मला तिच्या पातळाचा निळा रंग त्या बेचक्याच्या दोन्ही बाजूंनी दिसत होता आणि बेचक्याच्या वर तिचा अंबाडा. पावलांची चाहूल लागून ती वळली. पूर्ण वळली, एक हात कमानीवर टाकून, मांडी न मोडता.

‘ही बरी आहे,’ ती म्हणाली. मग तिने तळव्याने बैठकीच्या कडेवर एक थाप मारली, अगदी बाजेवर मारावी तशी, आणि आवाज ऐकून विचारले, ‘कोणी विणली?’

मी विणली, असे मी सांगितले. तिने मान हलवली, एक शेंग माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा टेबलाकडे वळली. नवी दोरी तिच्या वजनाखाली अजून थोडी कुरकुरत होती.